मुंबईच्या थंडीत गाडी सुरू होईना, आणि बॅटरी तर नवी आहे

रविवारचा_सारथी · ११ जानेवारी, सकाळी ९:१२

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. होय, मुंबई. होय, थंडी. आज पहाटे सहाला मोबाईल १५ अंश दाखवत होता. आमची इमारत मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, त्यामुळे दादर-परळपेक्षा इथे पारा जरा खालीच असतो.

गाडी हॅचबॅक, २०१९ची, पेट्रोल अधिक कंपनीने बसवलेला सीएनजी, ६१ हजार किमी. मी रोज लोकलने जातो, गाडी निघते ती शनिवारी-रविवारी. गेले तीन रविवार तेच नाटक. पहाटे सेल्फ मारला की 'घर्रर... घर्र... घर्' असा कण्हत फिरतो आणि बंद पडतो. चार-पाच वेळा केल्यावर कधी सुरू होते, कधी नाही. दुपारी बारानंतर खाली गेलो की पहिल्या फटक्यात सुरू. जणू सकाळी मी स्वप्नच पाहिलं.

डिसेंबरात बॅटरी बदलली. दुकानदाराने जुनीला मशीनसुद्धा लावलं नाही, नुसती बघून "गेली साहेब" म्हणाला. ४,८०० रुपये गेले, दुखणं तिथेच.

रथसप्तमीला आईला वसईला मावशीकडे हळदीकुंकवाला न्यायचंय, सकाळी सातला निघायचं. तोपर्यंत काही उपाय?

---

निफाडचा_द्राक्षवाला · ९:३१

१५ अंशाला आमच्याकडे लोक पंखा लावून झोपतात. पारा पाच-सहावर आला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून आम्ही रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो, आणि त्याच थंडीत माझी दहा वर्षांची पिकअप पहाटे चारला सुरू होते. गाडीतच काहीतरी आहे. थंडीवर ढकलू नका.

---

बोरिवलीकर_जुने · ९:४४

निफाडकर, तुमचं खरं, पण मुंबईला अगदीच लेचीपेची समजू नका. २२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदलेत. माझी आजी सांगायची, त्या दिवशी चाळीत गोधड्या कमी पडल्या होत्या.

मूळ प्रश्नाला उत्तर नाही हे मान्य. चालू द्या.

---

दहा_नंबरचा_पाना · १०:०५

सारथी, 'सुरू होत नाही' या तीन शब्दांवर मी आजवर कुणाला सल्ला दिलेला नाही. वीसेक वर्षं गाड्यांच्या देखभालीत काढली. डॉक्टर जसा छातीला नळी लावतो तसा आधी आवाज ऐकायचा.

चावी फिरवल्यावर भराभर 'टकटकटकटक' आलं तर बॅटरी बसलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच मोठा 'टक' येऊन शांतता, तर सेल्फ किंवा त्याच्या डोक्यावरचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट सोडणारा स्विच. काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डही काळा, तर टर्मिनल सुटलंय. डॅशबोर्ड उजळतो पण सेल्फ गप्प, तर रिले, क्लचखालचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअर 'पार्क'मध्ये आहे का, एवढं बघा. आणि सेल्फ नेहमीच्या जोमात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला हात लावू नका, ती निर्दोष आहे. तिथे पेट्रोल, ठिणगी किंवा चावीतली चिप.

तुमचं प्रकरण यातलं नाही. तुमचा सेल्फ फिरतोय, पण आजाऱ्यासारखा. म्हणजे करंट आहे, पण पुरेसा पोचत नाही. का पोचत नाही याची दोन कारणं: साठाच कमी आहे, किंवा वाटेत अडथळा आहे. दुकानदाराने पहिलं धरून चाललं आणि तुमचा खिसा कापला.

तीन गोष्टी सांगा. मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) आहे का? इंजिन ऑइल कोणतं घातलंय? पावसाळ्यात गाडी पाण्यात गेली होती का?

---

रविवारचा_सारथी · १०:४०

मल्टिमीटर नाही. उद्या ऑफिस सुटल्यावर लॅमिंग्टन रोडला जाऊन घेतो, ग्रँट रोडला उतरायचं की झालं.

ऑइलचं बिल सापडलं. १५डब्ल्यू-४० लिहिलंय. गाडीच्या पुस्तकात मात्र ५डब्ल्यू-३० आहे. फरक पडतो का?

पाण्याचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये किंग्ज सर्कलला गांधी मार्केटपाशी अडकलो होतो. पाणी अर्ध्या चाकापर्यंत. इंजिन बंद पडलं नाही, त्यामुळे मी विसरूनही गेलो होतो. याचा काय संबंध?

---

दहा_नंबरचा_पाना · ११:१८

संबंध कळेल. आधी ऑइल. त्या आकड्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. ५डब्ल्यू उणे ३० अंशाला आणि १५डब्ल्यू उणे २० अंशाला सेल्फने इंजिन फिरू देतं का, यावर ते आकडे ठरतात. मुलुंडला उणे काही होत नाही, त्यामुळे नुसत्या ऑइलने गाडी अडणार नाही. पण १५ अंशाला १५डब्ल्यू-४० हे ५डब्ल्यू-३०पेक्षा घट्टच असतं, सेल्फवर तेवढं ओझं जास्त. पुढच्या सर्व्हिसला पुस्तकातलंच घाला. "मुंबईत जाडच ऑइल बरं" म्हणणारा मिस्त्री भेटला तर चहा पाजा आणि निघा.

---

जुनी_फियाट · दुपारी १२:०२

माझी पद्मिनी मी १९८६ ते २००१ चालवली, गिरगावात. थंडीत सकाळी चोकची मूठ पूर्ण बाहेर ओढायची, सेल्फ मारायचा, इंजिन धडधडायला लागलं की अर्धी आत, आणि चर्नी रोडच्या सिग्नलपर्यंत पूर्ण आत. विसरलात तर धूर, प्लग काळे, आणि घरी सौ.ची बोलणी, कारण पेट्रोलचे पैसे तिच्या हिशोबातून जायचे.

आजच्या मुलांना चोक म्हणजे काय ते सांगतो. थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि वाफ झाल्याशिवाय ते पेटत नाही. चोक हवा अडवायचा, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढायचं. आता तेच काम कॉम्प्युटर करतो: कूलंटचं तापमान सांगणारा एक सेन्सर असतो, तो "थंड आहे" म्हणाला की इंजेक्टर जास्त वेळ उघडे राहतात. हा सेन्सर खोटं बोलायला लागला की थंड इंजिनाला गरम समजून कमी पेट्रोल मिळतं. सारथी यांच्या गाडीत सेल्फच हळू आहे, तेव्हा ते नसावं. पण लक्षात असू द्या.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. एवढं अवांतर माफ करा.

---

बोरिवलीकर_जुने · १२:१५

काका, अवांतर नाही, हाच तर धागा आहे :)

---

पवईची_अनु · १२:५०

गेल्या वर्षी माझीही गाडी आठवड्याला एकदा निघायची आणि एकदा मरायची. चोर निघाला डॅशकॅम. 'पार्किंग मोड' चालू होता, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा जागा. मोजला तर २५० मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ची. सहा दिवसांत पूर्ण रिकामी, आणि चौथ्या दिवशीच सेल्फ फिरवायची ताकद संपलेली.

गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंत खर्च ठीक मानतात (घड्याळ, अलार्म, लॉक यांना लागतोच). मोजायची पद्धत: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून टर्मिनल आणि वायर यांच्या मध्ये जोडायचा, दारं बंद करून अर्धा तास थांबायचं. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मग आकडा वाचायचा. जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जायचं, ज्या फ्यूजला आकडा पडेल तिथे चोर. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही, मीटर जळेल. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

---

रविवारचा_सारथी · १:२०

डॅशकॅम नाही. जीपीएस ट्रॅकर आहे, मेहुण्याने लावलेला. तोही बघतो.

एक प्रश्न. तोवर वॉचमन आणि दोन मुलं मिळून धक्का मारून सुरू केली तर चालेल ना? पार्किंगला उतार आहे.

---

ठाण्याचा_ठोंब्या · १:३३

बिनधास्त मारा. दुसऱ्या गिअरला टाका, वेग आला की क्लच सोडा. आम्ही कॉलेजात रोज असंच करायचो.

---

दहा_नंबरचा_पाना · २:०५

ठोंब्याराव, तुमची कॉलेजातली गाडी आणि ही गाडी यांच्यामध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा, धूर स्वच्छ करणारा महागडा डबा आला. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटलं की तो खराब होतो. एखाद्या वेळी अडलं तर मारा, पण चावी ऑन ठेवून, आणि इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही दगडासारखे जड होतात हे लक्षात ठेवून. उताराच्या तोंडाशी सोसायटीचं गेट असेल तर अजिबात नको. ऑटोमॅटिकला धक्का उपयोगाचाच नाही.

त्यापेक्षा शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर वायरी लावा. क्रम पाठ करा: लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. ती ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी नको. काढताना उलटा क्रम. चांगली गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ धरू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

---

रविवारचा_सारथी · १२ जानेवारी, रात्री १०:२०

मीटर आणला. ४५० रुपये. गाडी काल दुपारपासून उभी आहे. बॅटरी १२.५२ व्होल्ट. हे चांगलं की वाईट?

---

दहा_नंबरचा_पाना · रात्री १०:५८

चांगलं. आत सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे शेवटचा पाव, ११.८ म्हणजे राम नाम. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत, नाही आले तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघायचा.

पण उभ्या गाडीचा आकडा अर्धंच सांगतो. खरा आकडा सेल्फ फिरताना. उद्या पहाटे, गाडी थंडगार असताना, मीटरची टोकं बॅटरीच्या दोन खांबांवर धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा.

---

विद्युत_लहरी · रात्री ११:१५

मधेच घुसतो, कारण थंडीला शिव्या घालणारे खूप भेटतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीला मारतो उन्हाळा. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचा उकाडा बॉनेटखाली किती होत असेल बघा. थंडी फक्त पंचनामा करते: आतली रासायनिक क्रिया मंदावते, ऑइल घट्ट होतं, आणि उन्हाळ्यात अर्धमेली झालेली बॅटरी जानेवारीत उघडी पडते. म्हणून मुंबईत बॅटऱ्या जानेवारीत 'मरतात' असं वाटतं.

सारथींची बॅटरी महिन्याची आहे, तेव्हा त्यांना हे लागू नाही. त्यांच्या जुन्या बॅटरीलाही बहुधा नव्हतंच. ती दुकानदाराकडून परत मिळते का बघा, हाहा.

---

रविवारचा_सारथी · १३ जानेवारी, सकाळी ६:३५

लोकल चुकवून लिहितोय. बायकोने शालीत गुंडाळून घेत सेल्फ मारला, मी मीटर धरला. सेल्फ नेहमीसारखाच कण्हला. मीटर: ११.३.

बायको म्हणते, यापुढे मीटर मी धरीन, सेल्फ तू मार.

---

दहा_नंबरचा_पाना · सकाळी ७:०२

वा! आता मजा आली.

बघा, बॅटरी कमजोर असती तर सेल्फने ओढल्याबरोबर व्होल्टेज धाडकन खाली आलं असतं. ९.६च्या खाली गेलं की बॅटरीवर शंका घ्यायची. चांगली गाडी सुरू होताना साडेदहाच्या आसपास दिसतं. तुमचं ११.३ला थांबलं, आणि तरी सेल्फ हळू. म्हणजे बॅटरी देऊ शकते, पण तिच्याकडून कुणी घेतच नाहीये. चाळीच्या गच्चीवर टाकी काठोकाठ भरलेली, आणि तळमजल्यावरच्या नळाला करंगळीएवढी धार. टाकी बदलून काय होणार? पाईपमध्ये गंज आहे.

आता गंज शोधायचा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर (वायरच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारा. ०.२, फार तर ०.३ व्होल्ट यावेत. मग तसंच प्लस खांब ते सेल्फचा जाड बोल्ट. ज्या बाजूला आकडा मोठा, त्या बाजूला आजार.

आणि सकाळीच का, तर गार ऑइलमध्ये सेल्फला जास्त करंट लागतो. गंजातून जितका जास्त करंट ओढाल तितके जास्त व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दुपारी ऑइल पातळ, मागणी कमी, म्हणून निभावतं.

---

रविवारचा_सारथी · १४ जानेवारी, सकाळी ६:५०

तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

प्लसच्या बाजूला ०.१८. मायनस खांब ते बॉडी ०.०६. मायनस खांब ते इंजिन १.४२!

---

दहा_नंबरचा_पाना · ७:१०

सापडला. बॉडीपर्यंत ठीक, इंजिनपर्यंत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याचा आणि बॉडीचा विजेचा संबंध एका जाड विणलेल्या पट्टीने जोडतात. गॅरेजवाले तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. तुमच्या गाडीत ती बहुतेक गिअरबॉक्सच्या बोल्टवर खाली असेल, म्हणजे गांधी मार्केटच्या पाण्याने तिला व्यवस्थित अंघोळ घातली. ऑगस्टमध्ये भिजली, पाच महिने सावकाश गंजली.

खात्री करायची तर जंपरची काळी वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा.

---

रविवारचा_सारथी · ७:४१

लावली. आईशप्पथ. 'घर्र' म्हणायच्या आत सुरू!! पहिल्यांदा हा आवाज ऐकून वॉचमन धावत आला.

---

निफाडचा_द्राक्षवाला · ८:०५

तरी मी म्हणत होतो. गोड बोला.

---

पवईची_अनु · ८:३०

४,८०० रुपयांच्या बॅटरीचा आजार एका पट्टीत निघाला. दुकानदाराला तिळगूळ देऊ नका.

---

रविवारचा_सारथी · १७ जानेवारी, रात्री ८:१५

काम झालं. पट्टी कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाली, १८० रुपये. मेकॅनिकने जुनी काढली तर बोल्टखाली हिरवट-पांढरी भुकटी आणि पट्टीच्या तारा अर्ध्या तुटलेल्या. त्याने गिअरबॉक्सची आणि बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, नवी पट्टी आवळली, वर पेट्रोलियम जेली लावली. मी पाहत असताना बॅटरीच्या टर्मिनलवरची भुकटीही कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून धुतली. मायनस आधी काढला, शेवटी लावला. मजुरी ३००.

आता आकडा ०.११. उद्या पहाटे परीक्षा.

---

रविवारचा_सारथी · १८ जानेवारी, सकाळी ६:४४

नापास.

म्हणजे सेल्फ झकास फिरतोय, पूर्वी कधी नव्हता असा. पण इंजिन पकडत नाही! तिसऱ्या वेळेला पकडलं, तेही खोकत. बायको म्हणते, धागा बदलून 'नवरा सुरू होत नाही' कर.

---

ठाण्याचा_ठोंब्या · ७:२०

प्लग बदला. मी नेहमी आधी प्लग बदलतो.

---

दहा_नंबरचा_पाना · ७:५५

ठोंब्याराव, थांबा. आजार बदलला की प्रश्नही बदलतो. आता सेल्फ जोमात आहे, म्हणजे पेट्रोल किंवा ठिणगी. सारथी, एक सांगा, टाकीत पेट्रोल किती आहे आणि कधीचं?

---

रविवारचा_सारथी · ८:१०

अं... रिझर्व्हचा दिवा लागलेलाच असतो. मी सीएनजीवर चालवतो ना. शेवटचं पेट्रोल गणपतीत टाकलं होतं, ५०० रुपयांचं.

---

दहा_नंबरचा_पाना · ८:३२

मला वाटलंच. मुंबईतल्या निम्म्या सीएनजी गाड्यांची ही कहाणी आहे. बऱ्याच गाड्या सुरू होतात पेट्रोलवरच, इंजिन जरा गरम झालं की आपोआप गॅसवर जातात. तुम्हाला ते कळतही नाही, म्हणून वाटतं गाडी गॅसवरच चालते. पेट्रोलचं काम दिवसातली दोन मिनिटं, पण ती दोन मिनिटं सगळ्यात अवघड.

पेट्रोलमधले जे हलके भाग चटकन वाफ होतात, तेच गार सकाळी इंजिन पेटवतात. पाच महिने जवळजवळ रिकाम्या टाकीत पेट्रोल पडून राहिलं की आधी तेच उडून जातात. राहतं ते आळशी पेट्रोल. त्यात आता २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि गार असताना वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता मागतं. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांना बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी देत, खास थंडीत गाडी सुरू करायला. थट्टा नाही.

दुसरं, पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कायम तळाला असली की पंप तापतो आणि लवकर जातो.

आज करायचं: दहा लिटर ताजं पेट्रोल भरा, आणि स्विच पेट्रोलवर ठेवून वीस-पंचवीस किमी चालवा, म्हणजे नळीत आणि इंजेक्टरमध्ये जुनं उरणार नाही. उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी चावी ऑन करा, मागून पंपाची 'ऊंऽऽ' दोन-तीन सेकंद ऐका, बंद करा. असं तीनदा. मग सेल्फ. यानंतर पटकन सुरू झाली पण एकदाच ऑन करून सुरू केल्यावर वेळ घेतला, तर रात्रीतून नळीतला दाब उतरतोय, म्हणजे पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय. तो वेगळा खर्च.

---

डिझेलभक्त · ११:०४

तुम्ही लोक पेट्रोलवाले. मी ठाण्यात टाकी फुल्ल करून डिसेंबरात स्पितीला गेलो होतो. काझाला सकाळी डिझेलचं तूप झालं होतं, अक्षरशः. इंजिन मिनिटभर चाललं आणि फिल्टर मेणाने बंद. धडा असा की वर जाताना खालचं डिझेल संपवत जायचं आणि तिकडचं हिवाळी डिझेल भरायचं. इंडियन ऑइलने २०१९मध्ये लडाखसाठी काढलेलं डिझेल उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहतं.

आणि तिथे टाकीखाली शेगडी ठेवणारे महाभाग पाहिलेत. कृपया नको. बॅटरीही भरलेली ठेवा, उतरलेल्या बॅटरीतलं पाणी उणे दहाच्या आसपास गोठतं आणि डबा फुटतो.

मुंबईत डिझेल गोठत नाही. इथे डिझेलला सकाळी त्रास झाला तर हीटर प्लग (सेल्फ मारण्याआधी इंजिन आतून तापवणारे) बघा. चावी ऑन केल्यावर पिवळ्या वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारू नका, एवढंच पाळा. पांढरा धूर आणि पहिली दोन मिनिटं थरथर म्हणजे एखादा हीटर प्लग गेलाय.

---

विद्युत_लहरी · ११:४०

बटणवाल्या गाड्यांसाठी जाता जाता: किल्लीतला सेल संपला तर "किल्ली सापडत नाही" असा संदेश येतो आणि लोक टोइंगवाल्याला फोन लावतात. किल्लीच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा आणि ब्रेक दाबून बटण दाबा. बहुतेक गाड्या घेतात.

---

पवईची_अनु · १२:१०

आणि उंदीर राहिलेच. थंडीत गरम इंजिनवर झोपायला येतात आणि वायरी खाऊन जातात. माझ्याकडे डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं सगळं करून झालं. आमचे उंदीर तंबाखू खाऊन पुढे वायर खातात. शेवटी जाळी बसवली.

---

रविवारचा_सारथी · १९ जानेवारी, रात्री ९:३०

काल दहा लिटर भरून ऐरोली पुलावरून एक फेरी मारली, पूर्ण पेट्रोलवर. आज पहाटे तीनदा चावी ऑन, मग सेल्फ: पहिल्या फटक्यात. उद्या एकदाच ऑन करून बघतो.

ट्रॅकरही मोजला. ३० मिलिअँपिअर सगळं मिळून. मेहुणा निर्दोष.

---

रविवारचा_सारथी · २५ जानेवारी, सकाळी १०:१५, वसईहून

६:५०ला निघालो. चावी एकदाच ऑन, साधारण दोन सेकंद सेल्फ, सुरू. आई मागे वाणाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिला काहीच कळलं नाही, कारण तिच्या मते गाडी सुरू व्हायचीच असते. रस्त्यात म्हणाली, "आज सूर्याचा रथ निघतो, तुझा पण निघाला." बायकोने तिला सगळा इतिहास सांगून ठेवलाय बहुतेक.

दोन सेकंद लागले, पूर्वी एक लागायचा. पंपाच्या व्हॉल्व्हवर नजर ठेवतोय. ऑइल फेब्रुवारीत बदलीन, ५डब्ल्यू-३०च. पाना साहेब, मुलुंडला आलात तर जेवायला यायचंच.

---

दहा_नंबरचा_पाना · १०:४०

येतो. पेट्रोल निम्म्याच्या खाली नको. आणि पुढच्या पावसात गांधी मार्केट नको.

---

कांदिवलीची_पोर · २६ जानेवारी, सकाळी ८:०५

सगळा धागा वाचला, मस्त! माझी स्कूटर पण सकाळी सुरू होत नाहीये, काय असेल?

---

रविवारचा_सारथी · ८:०९

सुरू होत नाही म्हणजे काय होतं? आवाज कसा येतो ते आधी सांगा.